बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर व्हिडिओ गेमविषयी पुन्हा लिहायला कुठून सुरुवात करावी?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

महाविद्यालयात असताना आणि त्यानंतरही काही वर्षे मी व्हिडिओ गेमविषयी नेमाने लिहीत असे. ते लेखन ‘विकत घ्यावा की घेऊ नये’ अशा धाटणीचे नव्हते. एखादा खेळ आपल्याकडून नेमके काय करवून घेतो, त्याचे नियम एकमेकांत कसे गुंतलेले असतात आणि त्या गुंत्यातून खेळणाऱ्याच्या मनात काय उभे राहते, हे उलगडून पाहण्याचा तो छंद होता. पुढे नोकरी, बदल्या आणि घरातली आजारपणे यांच्या रगाड्यात लिहिणे मागे पडले. खेळणे मात्र पूर्ण सुटले नाही. घरात निजानीज झाली की तासभर का होईना, खेळायला बसतो.

अलीकडे पुन्हा लिहावेसे वाटू लागले आहे, पण लिहायला बसलो की पहिल्या दोन परिच्छेदांत कथानक येते, तिसऱ्यात ग्राफिक्स आणि संगीत, चौथ्यात ‘एकंदरीत समाधानकारक अनुभव’, आणि मग ते माझे मलाच वाचवत नाही. शिवाय वेळेचाही प्रश्न आहे. मोठे खेळ संपायला साठ-सत्तर तास सहज लागतात. ते पुरे न करता लिहिणे अप्रामाणिकपणाचे वाटते आणि पुरे होईपर्यंत सुरुवातीचे तपशील पुसट झालेले असतात. जुन्या टिपणांची वही सापडली आहे, परंतु त्यातले काही खेळ आज त्या रूपात अस्तित्वातच नाहीत. यूट्यूबवर एकेका खेळाची तासन् तास चिरफाड होत असताना मराठीत मजकूर लिहून कोणाला काय मिळणार, ही शंका आहेच, पण ती बाजूला ठेवायला मी तयार आहे.

पुन्हा हात बसवायचा असेल तर छोटा खेळ घ्यावा की सध्या चालू असलेला मोठा? जुने आवडते खेळ नव्याने खेळावेत का? आणि टिपणे तुम्ही कशी ठेवता? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिक्कामोर्तब

कथानकच का येते, तर ‘हा खेळ कशाविषयी आहे’ हा प्रश्न मनात धरून आपण लिहायला बसतो म्हणून. त्याऐवजी ‘या खेळात माझे हात काय करत होते आणि त्याची किंमत कोण मोजत होते’ असे स्वतःला विचारून पाहा. माझे मत छोट्या खेळाच्या बाजूने आहे, आणि नुसते मत देण्यापेक्षा एक खेळ समोर ठेवून सांगतो.

लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ २०१३ साली आला. अर्स्टॉट्स्का नावाच्या काल्पनिक देशात, १९८२ सालच्या शेवटी, सीमेवरच्या चौकीत आपण कारकून असतो. समोर येणाऱ्या माणसाची कागदपत्रे तपासायची आणि प्रवेशाचा किंवा नकाराचा शिक्का मारायचा, एवढेच काम. बरोबर निकालात काढलेल्या प्रत्येक माणसामागे ५ क्रेडिट मिळतात, आणि संध्याकाळी त्यातूनच घरभाडे, जेवण आणि घर उबदार ठेवण्याचा खर्च भागवायचा असतो. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका आहेत. इथवरचे सगळे कुठल्याही परिचयलेखात सापडते.

आता टेबलाकडे पाहा. कागद पसरायला दिलेली जागा मुद्दाम अपुरी ठेवलेली आहे. जसजसे दिवस जातात तसतशी कागदांची संख्या वाढते, टेबल मात्र तेवढेच राहते, त्यामुळे पासपोर्टखाली परवाना दडतो, परवान्याखाली नियमपुस्तिका, आणि शोधाशोधीत घड्याळ पुढे सरकते. काम सोपे करणारे कीबोर्डवरचे शॉर्टकटही खेळात आहेत, पण ते पगारातून विकत घ्यावे लागतात. दुसऱ्या कोणत्याही खेळात आपण जी सोय गृहीत धरतो, ती इथे मुलाच्या जेवणाच्या पैशांतून येते.

त्याहून महत्त्वाचा नियम चुकांचा आहे. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांवर फक्त ताकीद मिळते. तिसऱ्या चुकीपासून दंड सुरू होतो. पाचव्या दिवशी एक गृहस्थ येतात, त्यांचे कागद चोख असतात, आणि जाताना ते सांगतात की मागे माझी पत्नी उभी आहे, तिच्याशी जरा सांभाळून घ्या. पत्नीजवळ प्रवेश परवाना नसतो. तिला आत सोडले तर ती आपल्या खाती चूक म्हणून धरली जाते. त्या दिवशी तुम्ही तोवर निष्काळजीपणे दोन चुका केल्या असतील तर या दयेचे पैसे पडतात. केल्या नसतील तर ती फुकट आहे. म्हणजे हलगर्जीपणा आणि माणुसकी या दोन्ही गोष्टी एकाच खात्यातून खर्च होतात, आणि हे एकदा कळले की खेळणारा सकाळपासून डोळ्यांत तेल घालून काम करू लागतो, कारण दुपारी कोणावर तरी दया करता यावी म्हणून चूक शिल्लक ठेवायची असते. हे कथानकात कुठेही लिहिलेले नाही. दंडाच्या एका नियमातून ते आपोआप निर्माण होते, आणि माझ्या मते लिहिण्याजोगा भाग तोच आहे.

तेव्हा एखाद्या छोट्या खेळातला एकच दिवस, एकच टप्पा, एकच नियम घ्या आणि पाचसहाशे शब्द लिहा. हा खेळ २०२२ पासून मोबाईलवरही मिळतो, त्यामुळे रात्रीच्या तासाभरात बसण्यासारखा आहे.

तिरकी चाल

वरील विश्लेषण उत्तम आहे, परंतु सल्ल्याशी मी सहमत नाही. या खेळावर जगभर इतके लिहिले गेले आहे की खंडानंतर परतणाऱ्या माणसाने तोच हाती घेतला तर लिहिताना त्याच्या कानात दुसऱ्यांचीच वाक्ये घुमत राहतील. ओसरी यांनी असा खेळ घ्यावा, जो त्यांच्या बोटांना पाठ आहे आणि ज्याच्याकडे विश्लेषणाच्या नजरेने त्यांनी कधी पाहिलेले नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला खेळ कॅसेट घालून खेळायच्या नकली कन्सोलवरचा होता. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा विधी सर्वांच्या परिचयाचा असेल. त्या कॅसेटींत हमखास असणारा ‘काँट्रा’ घ्या. घरच्या कन्सोलवर तो १९८८ साली आला. दोघांनी मिळून शत्रूशी लढायचे, असा त्याचा लौकिक आहे. आपली गोळी जोडीदाराला लागत नाही, म्हणजे नियमाने तो सुरक्षित आहे. पण तिसरी लेव्हल आठवा, धबधब्याची. तिथे वर वर चढायचे असते, आणि जो पुढे चढतो त्याच्याबरोबर पडदाही वर सरकतो. मागे राहिलेल्याच्या पायाखालची पायरी पडद्याबाहेर गेली की तिच्यावर उतरू पाहणारा जोडीदार मरतो. गोळी घालायला बंदी, पण घाईघाईने वर चढून मारायला पूर्ण मुभा. त्यात मेलेल्याच्या हातची बंदूकही जाते, आणि उडत्या डबीतून पडणारी ‘एस’ अक्षराची बंदूक जो आधी उचलेल त्याची. घरोघरच्या भावंडांत ‘थांब ना, मला येऊ दे’ म्हणून जी भांडणे झाली, ती त्या मुलांच्या स्वभावामुळे झाली की पडदा एकाच्याच मागे जातो या तांत्रिक मर्यादेमुळे? याचे उत्तर शोधायला दोन लेव्हल खेळल्या तरी पुरेत, आणि ते लिहिणाऱ्याला इंग्रजीतला एकही लेख वाचावा लागणार नाही.

यूट्यूबचे म्हणाल तर तिथे चित्र दाखवता येते, हा लाभ मोठा आहे. पण त्याच कारणाने तिथे वर्णन करण्याची गरज उरत नाही, आणि वर्णन करताना जे ध्यानात येते ते पुष्कळदा निसटते.

नोंदवही

टिपणांविषयी विचारले आहे, म्हणून तेवढ्याचेच उत्तर देतो.

खेळून उठल्यावर लगेच, दात घासायच्या आधी म्हणा हवे तर, मी दोनच गोष्टी लिहितो: मला काय होईल असे वाटले होते आणि प्रत्यक्षात काय झाले. कथानक लिहीत नाही, ते केव्हाही पुन्हा मिळते. ‘हा दरवाजा उघडेल असे वाटले, उघडला नाही, तरी राग आला नाही’ अशी नोंद मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठवत नाही, आणि लेखाला उपयोगी पडते ती तीच. स्क्रीनशॉट काढत असाल तर त्याच वेळी नाव द्या; नुसती चित्रांची रास पुढे काही बोलत नाही.

टिपणाच्या माथ्यावर खेळाची आवृत्ती, कोणत्या यंत्रावर खेळला, काठिण्यपातळी आणि तारीख अवश्य घाला. पूर्वी हे अनावश्यक वाटे. आज ‘सायबरपंक २०७७’विषयी कोणी लिहिले तर तो डिसेंबर २०२० चा खेळ की सप्टेंबर २०२३ मध्ये २.० आवृत्ती आल्यानंतरचा, हे सांगितल्याविना वाक्याला अर्थ राहत नाही, कारण पात्राची कौशल्ये वाढवण्याची सगळी रचना आणि पोलिसांची वागणूक त्या आवृत्तीत नव्याने बांधली गेली. ‘डेस्टिनी २’ची मूळ मोहीम नोव्हेंबर २०२० मध्ये खेळातून काढून घेण्यात आली; पैसे मोजलेल्यांनाही ती आता खेळता येत नाही. पहिल्या ‘ओव्हरवॉच’चे सर्व्हर ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले आणि त्याची जागा दुसऱ्या भागाने घेतली. ब्राउझरमधले फ्लॅश या सॉफ्टवेअरवर चालणारे खेळ तर २०२० अखेर अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतल्यावर एकगठ्ठा गेले. त्यातले काही आज ‘रफल’सारख्या एम्युलेटरवर (जुन्या प्रणालीची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालतात, सगळे नाही.

म्हणूनच ओसरी यांनी ती जुनी वही कालबाह्य समजून बाजूला टाकू नये. ज्या खेळांची ती रूपे उरलेली नाहीत, त्यांच्याविषयी त्या वेळी, खेळता खेळता केलेले टिपण ही आता साक्ष आहे. ती टिपणे आजच्या ज्ञानाने दुरुस्त न करता, तारखेसह जशीच्या तशी उतरवावीत आणि खाली आजचे मत वेगळे लिहावे. व्हिडिओ चित्रण मिळेलही, पण एखाद्या उडीला किती उशीर लागत असे आणि त्याची सवय व्हायला किती रात्री गेल्या, हे चित्रणात दिसत नाही.

साठ तासांच्या खेळाचे म्हणाल, तर कुठपर्यंत खेळलो हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकले की अप्रामाणिकपणाचा प्रश्न मिटतो. कादंबरी अर्धी वाचून तिच्यावर लिहू नये हे खरे, पण खेळाचे बरेचसे नियम पहिल्या काही तासांत उघड झालेले असतात. शेवटाविषयी बोलायचे नाही, एवढे पथ्य पाळावे.

माडीवरून

‘जुने खेळ नव्याने खेळावेत का’ या प्रश्नाला अजून कोणी सरळ उत्तर दिलेले नाही. माझे उत्तर असे की, ते खेळावर अवलंबून आहे, आणि काही खेळ दुसऱ्यांदा खेळताच येत नाहीत.

लुकास पोप यांचाच २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ घ्या. १८०७ साली एक बेपत्ता जहाज बंदराला परत येते, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने आपण त्याच्यावर चढून ६० माणसांचे काय झाले ते शोधायचे असते. एखाद्या मृतदेहाजवळ घड्याळ उघडले की त्या माणसाच्या मृत्यूचा क्षण गोठलेल्या स्थितीत दिसतो. त्यात हिंडून कोण कोण होते आणि कोण कसे मेले, हे ओळखायचे. आपण भरलेली उत्तरे एकेकटी तपासली जात नाहीत. तीन माणसांच्या बाबतीत सगळे बरोबर आले की मगच खेळ त्यावर मोहोर उमटवतो, त्यामुळे अंदाजाने ठोकून देणे परवडत नाही. खलाशांच्या यादीत भारतातून आलेली माणसेही आहेत. संवादात त्यांची नावे सहसा येत नाहीत, म्हणून कोण कुठल्या झोळीत झोपतो आणि त्या झोळीवर कोणता क्रमांक आहे, असल्या खुणांवरून शोध घ्यावा लागतो. ज्यांची नावे कोणी उच्चारत नाही, त्यांना ओळखायला सर्वांत बारीक नजर लागते, आणि जहाजावरची उतरंड अशी तपासाच्या पद्धतीतच उतरते.

हा खेळ पुन्हा सुरू केला की सगळी उत्तरे डोक्यात तयार असतात, आणि उत्तरे ठाऊक असताना तिथे करण्यासारखे काहीच उरत नाही. २०१९ चा ‘आउटर वाइल्ड्स’ही त्याच जातीचा आहे. त्यात दर २२ मिनिटांनी सगळे पहिल्यापासून सुरू होते, आपल्याबरोबर पुढे येते ते फक्त जे कळले ते. असल्या खेळांविषयी लिहायचे तर पहिल्याच वेळी, गोंधळलेले असतानाच लिहावे. याउलट ‘काँट्रा’सारखा खेळ शंभरदा खेळूनही लिहायला काही राहते, कारण तिथे ज्ञानापेक्षा हाताला महत्त्व आहे. वहीतले खेळ या दोन गटांत वाटून पाहा, म्हणजे कोणता पुन्हा खेळायचा याचा निर्णय सोपा होईल.

जाता जाता एक सूचना. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) यादीत अवश्य घ्या, पण ‘आपला’ म्हणून कौतुक करायला नको. खांबाला गिरकी घेऊन किंवा भिंतीवरून धावत जाऊन वार करण्याची त्यातली कल्पना चांगली आहे, आणि खेळ थोडक्या बैठकांत संपतो. मात्र दुर्गा आणि विष्णू हे निवेदक जे चालले आहे त्यावर इतके बोलतात की खेळणाऱ्याने स्वतः काही ताडण्याआधीच ते सांगून मोकळे होतात, असे माझे मत झाले. कीर्तनात निरूपण ऐकायची सवय असलेल्या मराठी वाचकाला कदाचित ते खटकणारही नाही. तपासून पाहण्यासारखा मुद्दा आहे.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. माडीवरून यांची विभागणी वहीला लावून पाहिली आणि ‘शॅडो ऑफ द कलॉसस’ निवडला. मूळ खेळ २००५ चा, प्लेस्टेशन २ वरचा. तोच काढून पहिला राक्षस पुन्हा मारला. एक परिच्छेद लिहिला आहे, तो निःसंकोच तपासावा.

‘फुमितो उएदा यांचा हा खेळ एकाकीपणाचे आणि भव्यतेचे अविस्मरणीय दर्शन घडवतो. विस्तीर्ण ओसाड प्रदेशात सोळा महाकाय जीव सोडले तर लढायला कोणीही नाही. राक्षसाच्या अंगावरची लव धरून ठेवण्यासाठी आर-वन हे बटण सतत दाबून ठेवावे लागते. सोडले की वाँडर, म्हणजे आपण चालवतो तो नायक, खाली पडतो. राक्षस अंग झटकू लागतो तसे पकडीचे वर्तुळ आकसत जाते, आणि ते रिकामे होण्याआधी त्याच्या खांद्यावर किंवा माथ्यावर उभे राहण्यापुरती सपाट जागा गाठावी लागते. काही वेळाने माझे बोट खरोखरच दुखू लागले, आणि तरीही ते उचलायचे धाडस झाले नाही.’

शिक्कामोर्तब

पहिले वाक्य काढून टाका. ते कोणत्याही खेळाला लागू पडते. लेख आर-वनपासून सुरू होऊ द्या. बोट दुखण्याचे वाक्य शेवटी ठेवले आहे ते वर आणा, कारण पडद्यावरच्या माणसाची दमणूक आणि खेळणाऱ्याची दमणूक इथे एकाच स्नायूत येऊन मिळते, आणि पुढचे सगळे त्यावर उभे राहणार आहे. सोळा जीवांचा उल्लेख त्यानंतर आला तरी चालेल. ‘राक्षस’ या शब्दाने मात्र निकाल आधीच लागून जातो. त्यांच्यातले कित्येक आपण छेडल्याशिवाय अंगावर येत नाहीत, तेव्हा तिथे ‘महाकाय’ एवढेच ठेवावे.

पुढच्या परिच्छेदासाठी एक सुचवतो. (ज्यांनी खेळ संपवलेला नाही त्यांनी इथे थांबावे.) अगदी शेवटी, कुंडाकडे खेचणाऱ्या त्या झोतात वाँडर सापडतो तेव्हा खेळाने नियंत्रण आपल्या हातून काढून घेतलेले नसते. आपण धावू शकतो, पायऱ्यांना धरून लोंबकळू शकतो, बोट दुखेपर्यंत तग धरू शकतो. सुटका मात्र होत नाही. निष्पत्ती ठरलेलीच असताना तिथे एखादा तयार चित्रपट दाखवून भागले असते. तरीही ते बटण चालू ठेवले आहे, आणि ते का, याचा विचार पहिल्या महाकायाच्या अंगावरची लव धरल्यापासून करत आलात तर लेखाला दिशा मिळेल. तो भाग पुन्हा खेळून पाहा, आणि आपण स्वतः बटण केव्हा सोडले ते टिपून ठेवा. लेख टाकताना वर रहस्यभेदाची सूचना द्यायला विसरू नका.